सेल मारला का?

पेट्रोल पंपावर आपली नजर ठरलेल्या जागी जाते. पोरगा "सर, झिरो बघा" म्हणतो आणि आपण खिडकीतून मान बाहेर काढून झिरो बघतो. आकडे पळायला लागले की तो मध्येच थांबवत तर नाही ना, दुसरा कुणी "कॅश का कार्ड?" विचारून आपलं लक्ष उडवत तर नाही ना, याच्यावर बारीक डोळा. पाच लिटरचं प्रमाणित माप मागून खात्री करून घेता येते, हेसुद्धा पुष्कळांना तोंडपाठ असतं. पण नोझल कुठल्या बाजूचं उचललं, हे बघणारा माणूस मी क्वचितच पाहिलाय. माल कमी मिळेल ही भीती एवढी मोठी, की मालच भलता, डिझेलच्या जागी पेट्रोल, मिळेल ही शंका मनाला शिवत नाही.

मला ती शिवते, कारण माझं आजोळ. मामांचं कराडला हायवेलगत गॅरेज होतं. आता मामेभाऊ चालवतो, मामा खुर्ची टाकून बसतात आणि सगळ्यांना सूचना देतात. पुणे-बेंगळुरू रस्त्यावरून कोल्हापूर, गोवा, गणपतीपुळे असं कुठंकुठं निघालेलं जग त्या गॅरेजसमोरून जायचं आणि त्यातलं थोडं टोचन होऊन, म्हणजे दुसऱ्या गाडीमागं ओढलं जाऊन, आत यायचं. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी हा त्या धंद्याचा हंगाम. घरातल्या गाड्या तेव्हाच लांब निघतात, चालवणारा रोजचा नसतो, गाडी मेव्हण्याची नाहीतर भाड्याची असते, मागच्या सीटवर कुणाला तरी उलटी होत असते. अशा वेळी पंपावर "टाकी फुल करा" एवढंच सांगितलं जातं. कशानं फुल करा, हे सांगायचं राहून जातं.

भलतं इंधन पडलेली गाडी आली की मामांचा पहिला प्रश्न ठरलेला. किती लिटर पडलं, कुठल्या पंपावर पडलं, चूक कुणाची, हे सगळं नंतर. आधी, "सेल मारलासा का?" म्हणजे स्टार्टर फिरवून इंजिन चालू करून बघितलं का?

समोरचा "नाही" म्हणाला की मामा चहा सांगायचे. "हो, थोडा चालवून बघितला" म्हणाला की गप्प व्हायचे आणि पोराला बॉनेट उघडायला सांगायचे. टाकीत नुसतं पडून राहिलेलं चुकीचं इंधन कुणाचंही काही बिघडवत नाही. टाकी ही साठवायची जागा. तिथं पेट्रोल असो, डिझेल असो, ते काढता येतं, टाकी धुता येते, आणि विषय काही हजारांत संपतो. बिघाड सुरू होतो तो टाकीतला पंप फिरला की. आणि हा पंप इंजिन सुरू व्हायची वाट बघत नाही. किल्ली 'ऑन'वर गेली, डॅशबोर्डवरचे दिवे लागले, की बऱ्याच गाड्यांमध्ये मागच्या सीटखालून बारीक घूं असा आवाज येतो. तोच तो पंप. दोन-तीन सेकंदांत त्यानं इंधन पुढं लाईनमध्ये ढकललेलं असतं. काही नव्या गाड्यांमध्ये तर दार उघडलं तरी तो जागा होतो.

म्हणून उकडतंय म्हणून पंखा लावणं, काच वर घ्यायची म्हणून किल्ली फिरवणं, पोरांना गाणी लावून देणं, यातलं काही करायचं नाही. गाडी पंपाच्या तोंडावरून बाजूला घ्यायची असेल तर ढकलून घ्यायची. स्टेअरिंगचं लॉक सुटण्यापुरती किल्ली पहिल्या खटक्यापर्यंतच न्यावी, त्याच्या पुढं नाही. बटणाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण एकदा दाबलं की बहुतेक तेवढंच होतं, पण दुसऱ्यांदा दाबायचा मोह आवरावा लागतो. ऑटोमॅटिक असेल तर गिअर लिव्हरशेजारी बारीक झाकणाखाली लॉक सोडायची सोय असते, तिच्यानं न्यूट्रल करावा. इंजिन बंद असल्यावर ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही दगडासारखी होतात, तेव्हा उतारावर ढकलणाऱ्यांनी फार उत्साह दाखवू नये.

हे लिहायला सोपं आहे. करायला अवघड, कारण काहीच न करणं हा आपल्याकडं मूर्खपणा समजला जातो. मागं रांग लागलेली असते, हॉर्न वाजत असतात, टेम्पोवाला खिडकीतून हात हलवत असतो आणि मॅनेजर केबिनमधून येऊन म्हणतो, "काय होत नाही साहेब, वरून डिझेल टाकून देतो, जरा हळू चालवा." शेजारच्या स्कूटरवरचे काका दुजोरा देतात. त्यांच्या भाच्याच्या गाडीला काही झालेलं नसतं. दहा माणसांच्या भिडेखातर माणूस किल्ली फिरवतो.

त्या काकांचा भाचा खोटा नसेलही. त्याची गाडी जुनी असेल, एवढंच. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन मुळात बरंच सोशिक होतं. 1897 साली जर्मनीत आउग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चालून दाखवलं गेलं आणि 1900 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात असं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं होतं. आमच्याकडच्या जुन्या ट्रकांवर, ट्रॅक्टरांवर जो पंप असायचा, ज्याला सगळे फिटर 'मायको पंप' म्हणायचे, त्याच्या खालच्या भागाला वंगण इंजिन ऑइलचं. डिझेलमध्ये थोडं काही मिसळलं तरी तो निभावून न्यायचा. हिमालयात थंडीत डिझेल गोठू नये म्हणून ड्रायव्हर लोक त्यात रॉकेल घालायचे, ते याच जोरावर. मामांच्या उमेदवारीच्या काळात भलतं इंधन ही तक्रारच नव्हती. गाडी धूर सोडायची, ठोके द्यायची, शिव्या खायची आणि चालायची.

1997 साली इटलीत कॉमन रेल प्रणालीची पहिली मोटार बाजारात आली आणि हा सगळा जुना हिशोब बदलला. नव्या पद्धतीत डिझेल आधी एका नळीत, म्हणजे रेलमध्ये, प्रचंड दाबाखाली साठवतात आणि तिथून इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. दाब किती, तर हजार बारच्या कितीतरी वर, आताच्या गाड्यांत दोन हजार आणि त्याहूनही जास्त. तुमच्या मोटारीच्या टायरमध्ये जेमतेम सव्वादोन बार असतात. हा दाब तयार करणाऱ्या पंपातले भाग एकमेकांना इतके चिकटून फिरतात की मधली फट मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि तिथं वेगळं ऑइल नसतं. जे डिझेल पुढं जाळायचं, तेच जाता जाता पंपाला वंगण देतं. पेट्रोलमध्ये तो गुण नाही. उलट ते असलेला तेलकटपणा धुऊन नेतं. मामी चकल्या करायला बसली होती तेव्हा मामांनी मला हे समजावलं होतं: सोऱ्याला तेल न लावता दट्ट्या दाबून बघ, तसं होतं ते, फक्त मिनिटाला हजार वेळा.

त्यात 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 हे गाड्यांच्या धुराचं कडक मानक आलं. डिझेलमधलं गंधक दहा लाखांत दहा भागांवर आणलं. हवेसाठी हे चांगलंच झालं, पण गंधक काढताना डिझेलचा स्वतःचा तेलकटपणाही कमी होतो आणि तो वरून रसायन घालून भरून काढावा लागतो. म्हणजे नव्या गाडीच्या पंपाकडं पूर्वीइतकी सवड नाही.

मामांच्या गॅरेजात मी एकदा एका कंत्राटदाराच्या गाडीचा डिझेल फिल्टर उघडलेला पाहिला. त्यांनी पेट्रोल पडल्यावर साताऱ्यापासून गाडी तशीच आणली होती. मामांनी फिल्टरमधलं पाणी, गाळ आणि इंधन स्टीलच्या परातीत ओतलं, परातीखालून चुंबक फिरवलं. त्यातले चकचकीत कण चुंबक जाईल तिकडं सरकायला लागले. डावीकडं नेलं की डावीकडं, उजवीकडं नेलं की उजवीकडं. कंत्राटदार बराच वेळ ते बघत उभे होते. तो त्यांच्या गाडीचा झिजलेला पंप होता. ते कण पुढं रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये जातात आणि परतीच्या नळीनं पुन्हा टाकीतही येतात, त्यामुळं नुसता पंप बदलून भागत नाही. पंप, रेल, चारही इंजेक्टर, नळ्या, टाकी असा सगळा मांडलेला संसार. जुन्या गाडीच्या बाबतीत कधी कधी खर्च गाडीच्या किमतीशी बरोबरी करायला लागतो.

या माणसांना मूर्ख म्हणायची माझी तयारी नाही. फिल्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये आधीचं चांगलं डिझेल शिल्लक असतं. पंपावरून निघाल्यावर पहिला एखादा किलोमीटर गाडी अगदी गुणी बाळासारखी चालते. माणूस निर्धास्त होतो, "बघ, काही झालं नाही" म्हणतो आणि चौथ्या गिअरमध्ये टाकतो. मग आवाज बदलतो, पिकअप जातो, मागं धूर दिसतो. तिथं तरी डावीकडं घेऊन इंजिन बंद करावं. पण तोवर टोलनाका दोनच किलोमीटरवर असतो, आणि तिथं चहा मिळतो.

उलटं झालं, म्हणजे पेट्रोलच्या गाडीत डिझेल पडलं, तर एवढं रडायचं कारण नसतं. डिझेल जड, त्याची वाफ सहज होत नाही, ठिणगीला ते दाद देत नाही. प्लग काळे पडतात, गाडी पांढऱ्या धुराचा लोट सोडते, आचके देते आणि बंद पडते. टाकी रिकामी करायची, लाईन धुवायची, प्लग साफ करायचे किंवा बदलायचे. न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाऊ नये म्हणून पुन्हा पुन्हा सेल मारत बसू नये, एवढंच पथ्य.

पण हे उलटं मोटारीत कमीच घडतं, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. पेट्रोलचं नोझल बारीक असतं, साधारण 21 मिलिमीटर. डिझेलचं जाडं, 25 च्या आसपास. जाडं नोझल पेट्रोलच्या गाडीच्या तोंडात शिरत नाही, बारीक मात्र डिझेलच्या गाडीत खुशाल शिरतं. ही योजना डिझेलपासून वाचवण्यासाठी कुणी केलेलीच नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत शिसंविरहित पेट्रोल आलं तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नव्या गाड्यांत कुणी चुकून शिशाचं पेट्रोल भरू नये म्हणून नव्या पेट्रोलचं नोझल आणि गाडीचं तोंड दोन्ही बारीक केली. शिसं कधीच गेलं. आपल्याकडं 1995 च्या एप्रिलमध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल सुरू झालं आणि 2000 सालापासून देशभर तेच. नोझल मात्र बारीकच राहिलं, आणि ज्या चुकीसाठी ते बारीक केलं होतं ती चूक आता कुणी करूच शकत नाही. मोटारसायकलला हेही संरक्षण नाही. तिच्या टाकीचं तोंड ऐसपैस, त्यात काहीही ओता. काही युरोपीय डिझेल गाड्यांच्या तोंडाशी अशी झडप असते की ती जाड नोझलनंच उघडते. साधी स्प्रिंगची करामत. ती आपल्याकडच्या सगळ्या डिझेल गाड्यांना का नसावी, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

रंगांवर विसंबावं, तर तेही देशाप्रमाणं फिरतात. इंग्लंडमध्ये पेट्रोलच्या नोझलचा दांडा हिरवा आणि डिझेलचा काळा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हिरवा म्हणजे डिझेल. तिथं पंपावर पोरगा नसतो, आपलं आपण भरायचं असतं. न्यू जर्सी राज्य सोडून, कारण तिथं अजूनही स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानं बंदी आहे. तिथल्या एडिसन गावातल्या मराठी घरांत मुलं लायसन्स मिळूनही नोझल हातात न धरता मोठी होतात, आणि मग कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेली की पहिल्यांदा त्या चार-पाच नळ्यांसमोर एकटी उभी राहतात. युरोपनं 2018 मध्ये यावर खुणा काढल्या: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन, गॅसला तिरपा चौकोन, त्याच खुणा नोझलवर आणि गाडीच्या झाकणाच्या आत. भाषा येत नसली तरी चालतं. आपल्याकडं काचेवर लावायचं एक रंगीत स्टिकर आहे, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं, डिझेलला नारिंगी. ते समोरच्या काचेवर असतं आणि पोरगा मागच्या चाकाशी उभा असतो.

त्या पोराबद्दल थोडं बोललं पाहिजे. पंपावरची चूक निस्तरायची वेळ आली की सगळ्यांचा राग त्याच्यावर जातो. त्याच्याकडं एकाच वेळी पेट्रोल आणि डिझेल दोन्हीची नळी असते, गळ्यात पैशांची पिशवी, हातात कार्डाचं मशीन, कुणी हवेचं विचारतंय, कुणी सुट्टे मागतंय. त्याच्यापुढं पांढरी गाडी येते. तिच्यात पेट्रोल आहे का डिझेल, हे त्याला कसं कळावं? एक काळ होता, इंजिनच्या टकटकीवरून लांबूनच कळायचं. मग छोटी डिझेल इंजिनं गुळगुळीत झाली. फियाटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट तर मारुतीनं घेतलं, टाटांनी घेतलं, आणि एकच मोटार दोन्ही पोटांत मिळायला लागली. पेट्रोल-डिझेलच्या दरात लिटरमागं वीस-पंचवीस रुपयांहून जास्त अंतर होतं, 2012-13 च्या सुमाराला, तेव्हा ज्याला परवडेल तो डिझेल घेत होता. बाहेरून फरक काय, तर मागच्या दारावर चार अक्षरांचा बॅज. तोही पुष्कळांनी काढून टाकलेला, नाहीतर चिखलानं भरलेला.

त्याच सुमाराला अशी एक डिझेल स्विफ्ट मामांच्या गॅरेजात टोचन होऊन आली. पुण्याचं कुटुंब, अंबाबाईच्या दर्शनाला निघालेलं. नवरा, बायको, दोन मुलं आणि सासूबाई. पंपावर गृहस्थ पाकीट काढत होते, पोरानं तीस लिटरच्या वर पेट्रोल घातलं होतं. कुणालाच कळलं नसतं. बाईंनी बिल हातात घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, दर बघा." दर पेट्रोलचा होता. त्यानंतर पाच मिनिटं तिथं जे झालं ते मला त्यांच्या सासूबाईंनी रंगवून सांगितलं. मॅनेजर आला, वरून डिझेल टाकतो म्हणाला. मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय. गृहस्थ म्हणाले, आधी बाजूला तरी घेऊ, आणि किल्लीला हात घातला. तेवढ्यात बाईंनी पलीकडून वाकून किल्ली काढली आणि पर्समध्ये टाकून चेन लावली. नवरा ओरडला, मॅनेजर समजावत होता, बाई काही बोलल्याच नाहीत. त्यांना कॉमन रेल वगैरे काही माहीत नव्हतं. "मला वाटलं, जे पोटात गेलंय ते पचायच्या आत काढावं," असं त्या नंतर म्हणाल्या.

मामा स्वतः जीप घेऊन गेले होते. आल्यावर त्यांनी टाकी खाली घेतली, दोन कॅन भरून माल काढला, टाकी डिझेलनं खळबळून घेतली, फिल्टर नवा टाकला, लाईनमधली एअर काढली आणि मग पहिल्यांदा सेल मारला. दोन-तीन आचके, मग लागली. गाडी संध्याकाळी दर्शनाला पोचली. मजुरीचे, फिल्टरचे आणि नव्या डिझेलचे पैसे पंपानं दिले. ते सहजासहजी दिले नाहीत. बिलावर 'पेट्रोल', वेळ आणि लिटर छापलेले होते आणि गाडीच्या झाकणावर 'डिझेल' लिहिलेलं होतं, म्हणून दिले. अशा वेळी ते बिल म्हणजे सगळं काही. त्याचा फोटो काढावा, कारण तो कागद महिन्याभरात पांढरा पडतो. झाकणाचा काढावा, नोझलच्या क्रमांकाचा काढावा. मॅनेजरकडं तक्रारवही मागावी आणि कॅमेऱ्यातलं चित्रण जपून ठेवायला लेखी सांगावं. एवढ्यानं बहुतेक पंप तिथल्या तिथं मिटवतात. नाही मिटवलं तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. भलतं इंधन भरणं ही सेवेतली त्रुटी नाही तर दुसरं काय? विम्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि त्यातून पुढं होणारं नुकसान वगळलेलं असतं. इंजिनचं वेगळं कवच किंवा रस्त्यावरच्या मदतीचं कलम घेतलं असेल तर त्यात हे बसतं का, ते गाडी घरी उभी असताना वाचावं.

आणि त्या पोराचं काय झालं? मामांनी चौकशी केली होती. पंपानं जे दिलं ते त्याच्या पगारातून हप्त्यांनी कापणार होते. मामा मॅनेजरशी काय बोलले मला माहीत नाही, पण तो पोरगा पुढं काही महिन्यांनी मामांच्याच गॅरेजात पाने द्यायला लागला. मला राहून राहून वाटतं, गाडीच्या मालकानं "डिझेल" हा एक शब्द खणखणीत म्हटला असता आणि नोझल आत जायच्या आधी एकदा तिकडं बघितलं असतं, तर झिरोकडं बघण्यापेक्षा जास्त पैसे वाचले असते. पोराची चूक होतीच. पण ती होऊ नये अशी एकही गोष्ट त्या पंपावर नव्हती.

चुकून पडलेल्या इंधनाबद्दल बोलताना मुद्दाम घातलेल्याची आठवण आल्याशिवाय राहत नाही. रेशनचं निळं रॉकेल पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळणं हा महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चाललेला धंदा होता. रिक्षांच्या मागचा तो डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर आठवत असेल. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ पानेवाडीला, तेल डेपोंच्या परिसरात, अशी भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना रॉकेल ओतून जिवंत जाळलं. त्या दिवसानंतर कितीतरी काळ मामा टाकीतून काढलेलं डिझेल हुंगायचे, बोटांत चोळायचे आणि कुणाशी न बोलता पुढचं काम करायचे. पेट्रोल बोटावरून लगेच उडतं, बोट गार पडतं. डिझेल रेंगाळतं, जेवायला बसलं तरी वास जात नाही. रॉकेल दोघांच्या मधलं, त्याला अंगठा लागतो, म्हणायचे.

हल्ली मामेभावाकडं निराळीच गिऱ्हाइकं येतात. नव्या डिझेल एसयूव्हींमध्ये डीईएफ नावाचं एक पाणी घालावं लागतं. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. ते धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू मारतं. त्याची टाकी वेगळी, बूच निळं, आणि ते बूच पुष्कळ गाड्यांत डिझेलच्या बुचाला खेटून. घरचाच माणूस कॅन आणून हौसेनं डिझेलच्या टाकीत ओततो. पेट्रोलपेक्षा हे वाईट. युरियाचे खडे धरतात, पाणी पंपाला गंजवतं, आणि डिझेलमध्ये ते विरघळत नसल्यामुळं तळाशी जाऊन बसतं, म्हणजे पंप आधी तेच ओढतो. औषध तेच: किल्लीला हात नाही. दुसरीकडं पेट्रोलवाले रोज फोन करून विचारतात की पेट्रोलमध्ये मिसळलेलं वीस टक्के इथेनॉल म्हणजे भलतं इंधनच की नाही. 2023 नंतरच्या गाड्या त्या हिशोबानं बनवल्यात, जुन्या गाडीचं ॲव्हरेज थोडं उतरतं आणि रबरी नळ्या, सील यांच्यावर नजर ठेवावी लागते, असं मामेभाऊ शांतपणे सांगतो. मामा मागून पुस्ती जोडतात, "कृष्णाकाठच्या उसावर चालतीया गाडी, नाव ठेवू नगासा." त्यांचा स्वतःचा दीड एकर ऊस आहे, तेव्हा त्यांचं मत निःपक्ष धरू नये.

एक गोष्ट सांगायची राहिली, टाकीतून काढलेल्या मालाचं काय करायचं. गटारात ओतायचा नाही, हे सांगायला लागू नये, पण लागतं. घरी तर अजिबात न्यायचा नाही. एकटं डिझेल सहसा भडकत नाही; आपल्या मानकाप्रमाणं त्याची वाफ पेट घ्यायला निदान 35 अंश लागतात. पेट्रोलची वाफ शून्याच्या खाली चाळीस अंशांवरही पेटते. डिझेलमध्ये थोडं जरी पेट्रोल मिसळलं तरी ते सबंध कॅन पेट्रोलच्याच वळणावर जातं, आणि वरून ते डिझेलसारखं दिसत असल्यामुळं माणूस गाफील राहतो. गॅरेजात असा माल उघड्यावर, विडी-काडी लांब ठेवून, सुटे भाग धुवायला थोडा थोडा वापरतात.

स्विफ्टवाल्या गृहस्थांना हे पटेना. तीस लिटरच्या वरचं पेट्रोल, वर टाकीतलं आधीचं डिझेल, सगळं दोन कॅनमध्ये डोळ्यांसमोर उभं. पैसे पंपानं दिले होते तरी जीव सुटेना. म्हणाले, "मामा, हे डिकीत ठेवू का? इस्लामपूरला सासऱ्यांकडं जुना ट्रॅक्टर आहे, त्याला काहीही चालतं."

मामांनी हात पुसत बाईंकडं बघितलं. "काय वहिनी, चालंल का?"

"तो ट्रॅक्टर माझ्या वडिलांचा आहे," बाई म्हणाल्या आणि किल्ली पर्समधून काढून नवऱ्याच्या हातात न देता स्वतःच ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या.

कॅन गॅरेजातच राहिले.